हिरव्या गाडीची काच

कृष्णात चौगुलेचं पत्र आलं तेव्हा मी रत्नागिरीच्या सरकारी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो होतो. पोस्टमनने निळं आंतरदेशीय पत्र टेबलावर टाकलं. शेजारच्या टेबलावरचे पावसकर मान लांब करून म्हणाले, "वैरागकर, तुम्हाला खाजगी पत्र? कुणाचं हो?"

"कोल्हापूरचं आहे. एका गॅरेजवाल्याचं."

"तुमची गाडी आहे?"

"नाही."

"मग स्कूटर असेल."

"सायकलही नाही."

पावसकरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. मी कडा फाडून पत्र वाचलं. सात-आठ ओळी होत्या. वाचून झाल्यावर घडी घातली, खिशात ठेवलं आणि पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला. थोड्या वेळाने लक्षात आलं, की त्याच पुस्तकावर मी दुसऱ्यांदा शिक्का मारतो आहे.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

त्याआधी मी कोल्हापुरात होतो. आई गेल्यावर बार्शीचं बिऱ्हाड मोडलं, बदली झाली, आणि उद्यमनगरात कृष्णातच्या गॅरेजच्या माडीवर मला खोली मिळाली. दिवसभर खाली हातोडे चालत, पण तेव्हा मी ग्रंथालयात असे. संध्याकाळी परत येईपर्यंत आजूबाजूचे कारखाने बंद झालेले असत. मी जिना चढायचो, कुलूप काढायचो, दिवा लावून वाचत बसायचो. चाळिशी उलटलेली होती आणि गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. याची तक्रार नव्हती. मला लोकांशी बोलता येत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

एका संध्याकाळी खालून हाक आली. "ओ साहेब! जरा खाली या की."

मी खाली गेलो. कृष्णात हातात एक तेलकट पुस्तक धरून उभा होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, रुंद खांद्यांचा माणूस. "इंग्रजी येतंय न्हवं तुम्हाला?"

"वाचता येतं. बोलायला तितकंसं…"

"बोलायचं कुणाशी हाय? गाडी इंग्लंडची हाय म्हणून काय इंग्रजी बोलत न्हाई ती."

त्याच्या मागे ती गाडी उभी होती. हिरवी, बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी. लांब बॉनेट, त्यावर कातडी पट्टा, टप नाहीच. गडहिंग्लजकडच्या इनामदारांची होती. त्यांच्या वडिलांनी शर्यतीत पळवायची म्हणून हौसेने मागवली होती आणि वडील गेल्यावर ती गोठ्याशेजारी पेंढ्याखाली पडून राहिली. आता इनामदारांना हुक्की आली होती, की येत्या दसऱ्याला सोनं लुटायला ती चालवत दसरा चौकात न्यायची. गाडीबरोबर तिचं दुरुस्तीचं पुस्तक आलं होतं.

कृष्णात गाडीखाली सरकला. त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. मी ग्रीसच्या एका उपड्या डब्यावर बसून वाचायला लागलो, वाक्यागणिक मराठी करून सांगायला लागलो. माणसाचा चेहरा दिसत नसला की मला बोलता येतं, हा शोध मला त्या संध्याकाळी लागला. पाय मधूनच म्हणायचे, "परत सांगा." मी परत सांगायचो. पाय म्हणायचे, "असं व्हय. म्हंजी गोऱ्यानं हितं उलटा आटा दिलाय. लई हुशार." मला उगाचच आपलं कौतुक झाल्यासारखं वाटायचं.

मग रोजचंच झालं. कृष्णातची बायको हौसाक्का दोघांना चहा आणून द्यायची. "सायेब, तुमी न्हाई आला तर ह्यांस्नी कळायचं काय त्यातलं," असं म्हणायची, आणि गाडीखालून आवाज यायचा, "तू कर चेष्टा." एकदा मी खाली आलो तर डब्यावर एक ट्रकवाला बसला होता. कृष्णात त्याला म्हणाला, "उठ मर्दा, ती साहेबांची जागा हाय." ट्रकवाला उठला. मी खोकल्यासारखं केलं आणि बसलो. त्या दिवशी पुस्तकातलं एक अख्खं पान मी चुकीचं वाचलं. त्या गावात, किंवा खरं सांगायचं तर कुठल्याच गावात, दुसऱ्या कुणी उठून मला द्यावी अशी जागा मला त्याआधी मिळालेली नव्हती.

इंजिन झालं, ब्रेक झाले, गादी शिवून आली. राहिली पुढची काच. जुनी काच कडांनी दुधासारखी पांढरी झाली होती आणि मधून तडा गेला होता. तिच्या मापाची नवी काच साऱ्या देशात कुठे मिळणार नव्हती. पण ती सरळ होती, बाक नव्हता. कृष्णात म्हणाला, "सपाट हाय ना, मग बशीरभाई कापंल."

बशीरभाई मोमीन आरसे आणि खिडक्यांच्या काचा कापायचे. त्यांनी जुनी काच उन्हात धरली. "चौगुले, ही एक काच नाही. दोन हायत. मधी पापुद्रा हाय."

पुस्तकातही तेच होतं. मी वाचून दाखवलं: फुटली तरी तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून दोन पातळ काचांच्या मधे चिकट पापुद्रा दाबून बसवलेला असतो. कृष्णातने मुंबईहून तसल्या काचेचे दोन मोठे तुकडे आणले. बशीरभाईंनी पहिला तुकडा कापायला घेतला. वरची काच हिऱ्याने आखली, ठोकली, ती सरळ तुटली. उलटी करून खालची आखली, तीही तुटली. पण मधला पापुद्रा सुटेना. दोन भाग दारासारखे हलत राहिले. ओढून काढायला गेले तर तडा आडवा पळाला आणि कोपऱ्यापर्यंत गेला.

बशीरभाईंनी हिरा खिशात घातला. "एक राहिली. हिला मी हात लावणार नाही. माझं नाव जाईल."

दसरा चार-पाच दिवसांवर आला होता.  पहिल्यांदाच मला कृष्णातचा चेहरा काळजीचा दिसला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात तांत्रिक पुस्तकांच्या कपाटापाशी उभा राहिलो. कुणी कधी न नेलेलं काचकामाचं एक जाड पुस्तक होतं. त्यात हे लिहिलेलं होतं. संध्याकाळी डब्यावर बसल्यावर ते सांगायला मला बराच वेळ लागला.

"पापुद्रा तापवायचा असतो," मी म्हणालो. "कापलेल्या रेघेत स्पिरिट सोडायचं आणि पेटवायचं. पापुद्रा मऊ होतो. मग पात्यानं कापायचा."

बशीरभाई म्हणाले, "साहेब, काचेला आग लावायची? माझ्या बापानं असलं कधी ऐकलं नसंल."

"पुस्तकात आहे. पण पुस्तक चुकीचंही असू शकेल. किंवा मी चुकीचं वाचलं असेल."

कृष्णातने बशीरभाईंकडे बघितलं. "साहेब वाचतात ते बरोबरच वाचतात. लावा आग."

आधी फुटक्या काचेवर करून पाहिलं, मग चांगल्या काचेवर. स्पिरिट सारखं आणि थोडंच पडायला हवं होतं. बाटलीने ते जमेना. मी वर जाऊन पेनात शाई भरायचा काचेचा ड्रॉपर घेऊन आलो. "मग तुम्हीच सोडा," बशीरभाई म्हणाले.  मी रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेंब सोडत गेलो, कृष्णातने काडी लावली. रेघेवर निळी ज्योत पळत गेली आणि विझली. बशीरभाईंनी दाढीचं पातं घातलं, ते लोण्यातून जावं तसं गेलं. काच सुटली. 

"चौगुले," बशीरभाई म्हणाले, "साहेबांना माझ्या दुकानात द्या."

"हात लावू नका. आमचा माणूस हाय."

चारी बाजू कापल्या, कडा घासल्या, पितळी चौकटीत रबर घालून काच बसवली. कृष्णातने ती ओल्या फडक्याने पुसली आणि मग कोरड्या. पलीकडची भिंत इतकी स्वच्छ दिसत होती, की मधे काही नाहीच असं वाटावं. तो म्हणाला, "साहेब, खंडेनवमीला इनामदार येणार. पूजा करून गाडी द्यायची. नारळ तुमच्या हातनं."

"नको. मला नाही जमायचं."

"नारळ फोडायला काय पुस्तक लागतंय व्हय?"

हौसाक्का हसली. मीही हसलो. मी नको म्हणालो, पण मला ते हवं होतं. त्या रात्री बराच वेळ मी तेच डोळ्यांसमोर आणत राहिलो: मी गाडीसमोर उभा आहे आणि सगळे बघताहेत. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते बघणं आवडतं आहे.

खंडेनवमीला गॅरेज धुतलेलं होतं. पाने, जॅक, ऐरण सगळं ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलेलं. हिरव्या गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. इनामदार आईला घेऊन आले होते. म्हातारी खुर्चीत बसली होती. नवऱ्याची गाडी बघून डोळे पुसत होती. बशीरभाई नवा सदरा घालून कोपऱ्यात उभे होते. उद्यमनगरातले दहा-बारा लोक जमले होते.

कृष्णातने नारळ माझ्या हातात दिला. पाण्याने भिजवलेला, शेंडी ठेवलेला. "गाडीवरनं तीनदा ओवाळा आणि हितं खाली दगडावर आपटा."

आमच्या घरी नारळ आई फोडायची, पाट्याच्या कडेवर, आतलं पाणी वाटीत धरून. मी कधी फोडला नव्हता. पूजेच्या नारळाला शेंडी ठेवतात एवढं मला ठाऊक होतं. ती कशासाठी, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटलं, धरायला.

मी शेंडी धरून नारळ ओवाळला. एकदा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. कृष्णातच्या तोंडून "साहेब, तळहातावर…" एवढं ऐकू आलं. तिसऱ्या वेळी हात हलका झाला. शेंडी माझ्या मुठीत राहिली आणि नारळ गेला.

काच फुटली पण पडली नाही. पुस्तकात लिहिलं होतं तसंच झालं. एकही तुकडा उडाला नाही. जागच्या जागी तिचं पांढरं जाळं झालं आणि पलीकडची भिंत दिसेनाशी झाली. नारळ बॉनेटवरून गडगडत खाली आला. त्याला काही झालं नव्हतं.

कुणीतरी हसलं आणि थांबलं. म्हातारी गेलेल्या नवऱ्याबद्दल हळूच म्हणाली, "ह्यांना आवडलेलं दिसत नाही." इनामदारांचा चेहरा काळा पडला होता. "चौगुले, पूजा तुम्ही करायची होती. कुणाच्याही हातात काय देता?"

कृष्णात काहीतरी बोलायला लागला. ते ऐकायला मी थांबलो नाही. जिना चढून वर गेलो आणि आतून कडी लावली. मूठ उघडली तेव्हा शेंडी हातातच होती.

दुपारी कृष्णात वर आला. "साहेब, दार उघडा. काच काय, परत येती. मी मुंबईला जातो की." त्याने दार पुन्हा वाजवलं. "पोळ्या केल्यात. ती थांबलीय तुमच्यासाठी." मी खाटेवर बसून होतो, श्वाससुद्धा जपून घेत होतो. तो पायरीवर बसल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तो उठून गेला.

दसरा गेला, गाडी गॅरेजमध्येच राहिली. त्यानंतर मी सकाळी लवकर निघायचो, रात्री उशिरा यायचो. कधी खालून जावंच लागलं तर गाडीखालचे पाय म्हणायचे, "साहेब, आज पण काम?" मी म्हणायचो, "हो, पुस्तकांची मोजदाद चालू आहे." तो रागावला असता तर मला राहता आलं असतं. रागाला काय करायचं ते मला ठाऊक होतं, गप्प राहायचं. पण तो पहिल्यासारखाच बोलत होता आणि ते मला खरं वाटत नव्हतं.

एका रविवारी मी खोलीत आहे हे त्याला ठाऊक नसावं. खाली कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं आणि कृष्णात सांगत होता, "अन् साहेबांनी नारळ असा सोडला, बंदुकीतनं सोडल्यागत. शेंडी हातात." मोठ्याने हशा झाला. तोही हसत होता. मी खिडकी लावून घेतली.

रत्नागिरीला जायला कुणी तयार नव्हतं. मी अर्ज दिला. हुकूम निघाला तेव्हा कृष्णात काच आणायला मुंबईला गेला होता. मी सामान बांधलं; पुस्तकांच्या पेट्या सोडल्या तर फारसं काही नव्हतंच. हौसाक्काच्या हातात किल्ली दिली.

ती म्हणाली, "उद्या येनारेत ते. एक दिवस थांबा की."

"हजर व्हायचं आहे."

"आल्यावर इचारतील. काय सांगू?"

"बदली झाली म्हणा."

"ते मलाबी दिसतंय," ती म्हणाली आणि आत गेली. टांगा येईपर्यंत ती बाहेर आली नाही. मी निघालो तेव्हा मात्र दारात उभी होती.

मग ते पत्र आलं. कृष्णातचं अक्षर मोठं, एकेक ओळ वर चढत गेलेली.

"साहेबांस नमस्कार. काच आणली. बशीरभाईने कापली, तुमच्या पद्धतीने. स्पिरिट मी सोडले. माझा हात जड आहे पण निभावले. इनामदार गाडी न्यायला आले होते. मी बोललो, नारळ फोडल्याबिगर गाडी बाहेर जाणार नाही, आणि नारळ साहेबच फोडणार. ते रागावून गेले आहेत. रागावू देत. गाडी उभी आहे. कधी येता ते कळवा. डबा आहे तिथेच आहे. कृष्णात चौगुले."

त्या रात्री मी उत्तर लिहायला बसलो. पहिलं फार लांब झालं, फाडलं. दुसऱ्यात माफी इतकी होती, की वाचताना माझीच मला लाज वाटली. मग शंका आली. ही थट्टा तर नसेल? मी जाईन आणि उद्यमनगरातले तेच दहा-बारा लोक हसायला जमलेले असतील. मग वाटलं, नाही, तो मनापासून बोलावतो आहे. पण पुन्हा माझ्या हातून तेच झालं तर? एवढं बडं गिऱ्हाईक माझ्यासाठी कुणी दारात अडवून धरील, हे मी कितीही वेळा वाचलं तरी माझ्याबद्दल लिहिलंय असं वाटत नव्हतं. आठवडा गेला. महिना गेला. मग मी स्वतःला सांगितलं, की एव्हाना इनामदारांनी गाडी नेली असेल, आता कळवून काय उपयोग. पुढच्या वर्षी उत्तर द्यायचं तर आधी उशिराचं कारण द्यावं लागलं असतं. त्याच्या पुढच्या वर्षी कारण आणखी मोठं हवं होतं. असं करत मी रत्नागिरीतच निवृत्त झालो.

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी नर्सने विचारलं, "आजोबा, बरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही. रिक्षाने आलो."

"मग काही लागलं तर कळवायचं कुणाला? नाव सांगा."

मी विचार करायच्या आत तोंडातून गेलं, "कृष्णात चौगुले."

"तुमचे कोण?"

 ती पेन धरून थांबली होती.

"फोन नंबर तरी?"

"पत्ता आहे," मी म्हणालो. "उद्यमनगर, कोल्हापूर."

"पत्त्यावर काय कळवायचं, आजोबा?" ती म्हणाली, पण तिने नाव लिहून घेतलं. माझ्या डोळ्यावर पट्टी असताना मी तिने विचारलेल्या त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत राहिलो. तुमचे कोण.

पट्टी निघाल्यावर मी पोस्टात गेलो. आंतरदेशीय पत्र मागितलं तेव्हा खिडकीतली मुलगी हसली आणि मागच्या कपाटात शोधायला गेली. एक बिघडेल म्हणून मी दोन घेतली. तिथल्याच बाकावर बसून लिहिलं.

"प्रिय कृष्णात, तुमचं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला, त्याचं कारण मला सांगता येणार नाही. गाडी कधीच गेली असेल. जायलाच हवी होती. हौसाक्का आणि बशीरभाई कसे आहेत? तुम्ही सगळ्यांना सांगत होता ते मी त्या दिवशी वरून ऐकलं. आता मलाही हसू येतं. दिवाळीनंतर यायचं म्हणतो. तुम्ही मला ओळखाल की नाही कुणास ठाऊक. मी हाक मारीन. दिगंबर वैरागकर."

दुसरं पत्र लागलं नाही. बाहेरच्या पेटीत टाकलं आणि टाकल्याबरोबर वाटलं, शेवटची ओळ बरी नाही. हाक मारीन हे कशाला लिहायला हवं होतं? आणि तो नसेल तर? पत्र कुणीतरी तिसराच उघडेल, वाचेल. आत जाऊन खिडकीतल्या मुलीला विचारलं, पेटी कधी उघडतात. ती म्हणाली, चार वाजता. मी पेटीसमोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो.

चारला पोस्टमन आला. त्याने कुलूप काढलं, पत्रं पिशवीत ओतायला लागला. माझं निळं पत्र वरच दिसलं. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"काय आजोबा," तो म्हणाला, "काही परत हवंय का?"

"नाही," मी म्हणालो.